सबवूफरचा बॉक्स: आधी कागदावर, मग लकडगंजात

नागपुरात गाडीत वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायचा म्हटलं की क्रम ठरल्यासारखा असतो. आधी वूफर घेतला जातो, मग त्याला चालवणारा अॅम्प, आणि शेवटी दुकानदार मागच्या रॅकवरून काळं कारपेट लावलेला एक डबा काढतो. "बारा इंचाचाच आहे न भाऊ, बसते बरोबर." बसतोही. भोक जुळतं, स्क्रू लागतात. पण भोक जुळणं वेगळं आणि बॉक्स जुळणं वेगळं. वूफरचा कोन, म्हणजे समोरचा पडदा, मागे-पुढे हलतो तेव्हा त्याला दोन स्प्रिंग आवरत असतात. एक त्याचं स्वतःचं सस्पेन्शन, म्हणजे पडद्याला धरून ठेवणारी लवचीक पकड, आणि दुसरी बॉक्समध्ये कोंडलेली हवा. दुसऱ्या स्प्रिंगचा कडकपणा बॉक्सच्या लिटरवर ठरतो. तो न मोजता घेतला की प्रत्येक गाण्यात एकाच सुराचा 'धुम्म' ऐकू येतो, आणि लोक त्यावर उपाय म्हणून अॅम्प बदलतात. पैसे जातात, धुम्म तसाच राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा: डिक्कीचं माप, वूफरचे आकडे, बॉक्सचा प्रकार, निव्वळ घनफळ, एकूण घनफळ, बाहेरची मापं, पुठ्ठ्याचा नमुना. लकडगंजातलं, म्हणजे इथल्या लाकूडबाजारातलं, लाकूड त्यानंतर. सगळ्यात जास्त लोक पुठ्ठा टाळतात, आणि सगळ्यात जास्त बॉक्स त्याच कारणाने पुन्हा कापावे लागतात.

टप्पा १: डिक्की मोजा, तीही मिलिमीटरमध्ये

आपल्याकडे सुतारकाम इंच आणि सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी. मिस्त्री बोर्डाला 'सहा सूत' म्हणतो तेव्हा तो १९ मिमी म्हणत असतो, आणि बाजारातला बोर्ड असतो १८ मिमीचा. अशा एकेक मिलिमीटरने कोपऱ्यात फट पडते. पहिल्या मापापासून शेवटच्या कापापर्यंत मिमी आणि सेमी सोडून दुसरी भाषा वापरू नका.

मोजायचं काय? सगळ्यात आधी डिक्कीच्या दाराचं तोंड, जिथे ते सर्वांत अरुंद आहे तिथे. आतली जागा मोठी आणि तोंड लहान, हे सेडानमध्ये नेहमीचं आहे. मग आतली रुंदी तीन ठिकाणी: सीटजवळ, चाकांच्या फुगवट्यांमध्ये आणि दाराजवळ. तिन्हींतली सर्वांत कमी तीच तुमची रुंदी. उंची मोजताना मागची काच किंवा पार्सल ट्रे कुठे येतो ते पाहा. मागच्या सीटची पाठ तिरकी असते, म्हणून खोली जमिनीलगत एकदा आणि बॉक्सच्या उंचीवर एकदा, अशी दोनदा मोजा. पाठ मागे-पुढे करता येत असेल तर घरचे बसतात त्या स्थितीत ठेवूनच मोजा.

स्टेपनी कशी निघेल याचा विचार आत्ताच करा. वर्धा रोडवर रात्री टायर बसलं तर बॉक्स एकट्याने, दोन मिनिटांत बाहेर काढता आला पाहिजे.

सावधान: डिक्कीत सीएनजी टाकी असेल तर बॉक्स टाकीला, तिच्या पट्ट्यांना किंवा व्हॉल्व्हला टेकता कामा नये. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचण्याची वाट मोकळी ठेवा. जागा उरत नसेल तर लहान वूफर घ्या, पण टाकीशी तडजोड करू नका.

टप्पा २: वूफरचे तीन आकडे मिळवा

वॅट विसरा. बॉक्ससाठी तीनच आकडे लागतात. एफएस म्हणजे वूफर मोकळ्या हवेत कोणत्या कंपनसंख्येवर आपणहून डोलतो. क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर आवरलं जातं. व्हीएएस म्हणजे त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचीक हवा किती लिटर भरेल. चांगल्या कंपनीच्या कागदावर हे तिन्ही छापलेले असतात. कागद फेकला असेल तर मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर शोधा. दुसऱ्या मॉडेलचे 'साधारण तसेच' आकडे घेऊ नका.

कागदच नसेल, म्हणजे बिनकंपनीचा किंवा जुना वूफर असेल, तर मोजता येतं. यासाठी एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, १००० ओहमचा एक रेझिस्टर, १० ओहमचा एक रेझिस्टर, छोटा अॅम्प आणि फोनवर सूर काढणारं कोणतंही टोन जनरेटर अॅप एवढंच लागतं. वूफर नवा असेल तर आधी उघड्यावर, कमी आवाजात ३० हर्ट्झच्या आसपासचा सूर काही तास चालू ठेवा. नवं सस्पेन्शन कडक असतं, एफएस खोटा जास्त दिसतो.

अॅम्पच्या आउटपुटला १००० ओहम मालिकेत जोडा आणि पुढे वूफरच्या जागी आधी १० ओहमचा रेझिस्टर लावा. त्यावर मीटरमध्ये १०० मिलिव्होल्ट दिसेपर्यंत आवाज वाढवा. आता १० मिलिव्होल्ट म्हणजे १ ओहम. अनेक मीटर ४० हर्ट्झच्या खाली कमी वाचतात, म्हणून याच रेझिस्टरवर २०, ३० आणि ४० हर्ट्झ वाजवून पाहा. तिन्ही ठिकाणी १०० च येत असेल तर मीटरवर विश्वास ठेवा. मग रेझिस्टर काढून तिथे वूफर लावा, चुंबक जमिनीपासून उचलून, कोनच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून.

सूर २० हर्ट्झपासून हळूहळू वर न्या. जिथे आकडा सर्वांत मोठा, तो एफएस. समजा ३० हर्ट्झला ३४० मिलिव्होल्ट आले, म्हणजे ३४ ओहम. कॉइलचा, म्हणजे वूफरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, साधा डीसी रोध मीटरवर ३.४ ओहम आला. ३४ भागिले ३.४ म्हणजे १०. या १० चं वर्गमूळ ३.१६. आता ३.४ × ३.१६ = १०.७५ ओहम, म्हणजे साधारण १०७ मिलिव्होल्ट, शिखराच्या दोन्ही अंगांना कुठे येतात ते शोधा. समजा २१.७ आणि ४१.५ हर्ट्झला आले. क्यूटीएसचे दोन घटक असतात: क्यूएमएस हा सस्पेन्शनचा आणि क्यूईएस हा कॉइल-चुंबकाचा. मग

क्यूएमएस = ३० × ३.१६ ÷ (४१.५ − २१.७) = ४.८

क्यूटीएस = ४.८ ÷ १० = ०.४८

क्यूईएस = ४.८ ÷ (१० − १) = ०.५३

तपासणी: दोन्ही बाजूंच्या कंपनसंख्यांचा गुणाकार एफएसच्या वर्गाइतका आला पाहिजे. २१.७ × ४१.५ = ९००.५, आणि ३० चा वर्ग ९००. जुळलं. फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर पुन्हा मोजा.

व्हीएएससाठी एखादा जुना, घट्ट बंद बॉक्स घ्या, ज्याचं आतलं घनफळ तुम्ही स्वतः मोजलं आहे. त्यात वूफर बसवून शिखर पुन्हा शोधा. ४० लिटरच्या बॉक्समध्ये ते ४३.७ हर्ट्झला गेलं, तर व्हीएएस = ४० × [(४३.७ ÷ ३०) चा वर्ग − १] = सुमारे ४५ लिटर.

इथली नेहमीची चूक: दोन कॉइलच्या वूफरची एकच कॉइल जोडून मोजणं. दुसरी कॉइल सुटी राहिली की क्यूटीएस भलताच मोठा दिसतो. गाडीत जशा जोडणार तशाच, दोन्ही कॉइल जोडून मोजा.

टप्पा ३: सील्ड की पोर्टेड, हे वूफरला विचारा

एफएसला क्यूईएसने भागा (मोजला नसेल तर हाही कंपनीच्या कागदावर पाहा). सील्ड म्हणजे पूर्ण बंद बॉक्स, पोर्टेड म्हणजे हवा ये-जा करायला पाइप किंवा खाच, म्हणजे पोर्ट, ठेवलेला. उत्तर ५० च्या आत असेल तर सील्ड, ९० च्या वर असेल तर पोर्टेड, मधलं असेल तर दोन्ही चालतं. आपल्या उदाहरणात ३० ÷ ०.५३ = ५६ च्या आसपास, म्हणजे सील्डकडे झुकलेला.

पहिला बॉक्स बनवणाऱ्याला मी सील्डच बनवायला सांगतो, आणि हे मी ठामपणे सांगतो. सील्डमध्ये घनफळ दहा टक्के चुकलं तरी कानाला फार कळत नाही. पोर्टेडमध्ये तेवढीच चूक ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या कंपनसंख्येवर डोलते ती, हलवते. शिवाय गाडी आपल्याला मदत करते. बंद केबिनच्या लांबीत अर्धी तरंगलांबी मावते त्या कंपनसंख्येखाली केबिन आवाज आपोआप उचलते. केबिन अडीच मीटर लांब असेल तर हे ७० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. सील्ड बॉक्सचा आवाज खाली उतरतो तिथेच केबिन तो वर उचलते, म्हणून हॅचबॅकमध्ये साधा सील्ड बॉक्स ढोलकीची थाप स्वच्छ देतो आणि खालचा बासही राखतो. सेडानच्या डिक्कीत ही मदत कमी मिळते, कारण मध्ये सीटची भिंत असते. तिथे पोर्टेडचा विचार करायला हरकत नाही.

टप्पा ४: निव्वळ घनफळ काढा

सील्डसाठी एक सूत्र पुरतं:

निव्वळ घनफळ = व्हीएएस ÷ [(क्यूटीसी ÷ क्यूटीएस) चा वर्ग − १]

क्यूटीसी म्हणजे बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू. तो तुम्ही निवडायचा. ०.७०७ ला आवाज सर्वांत सपाट. जागा कमी असेल तर ०.८ पर्यंत जा. त्याच्या पलीकडे मी जात नाही.

आपला वूफर: एफएस ३०, क्यूटीएस ०.४८, व्हीएएस ४५. क्यूटीसी ०.७०७ साठी घनफळ ३८.५ लिटर येतं आणि बॉक्समधला अनुनाद ४४ हर्ट्झला. ०.८ घेतला तर २५.३ लिटर आणि ५० हर्ट्झ. हाच वूफर १५ लिटरच्या तयार डब्यात कोंबला तर? क्यूटीसी ०.९६ आणि अनुनाद ६० हर्ट्झ. त्याच्या वर फुगवटा आणि खाली लवकर गळती, म्हणजेच सुरुवातीला सांगितलेला तो धुम्म.

टप्पा ५: निव्वळमधून एकूण, आतून बाहेर

चुका इथे सर्वांत जास्त होतात, म्हणून सावकाश.

३८.५ लिटर म्हणजे वूफरला मिळणारी मोकळी हवा. वूफरचं चुंबक आणि बास्केट, म्हणजे त्याचा धातूचा सांगाडा, आत जागा खातात. १२ इंची वूफरसाठी हे बहुधा अडीच ते साडेतीन लिटर असतं, कागदावर असेल तर तोच आकडा घ्या. आतल्या आधाराच्या पट्ट्या साधारण एक लिटर खातात. ३८.५ + ३ + १ = ४२.५ लिटर. हे एकूण घनफळ, आणि हे आतलं आहे.

समजा डिक्कीत ७० सेमी रुंद आणि ३६ सेमी उंच बॉक्स बसतो. १८ मिमीच्या दोन भिंती म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेमी वजा. आतली रुंदी ६६.४, उंची ३२.४. लिटर म्हणजे १००० घन सेमी, म्हणून खोली = ४२५०० ÷ (६६.४ × ३२.४) = १९.७५, धरा १९.८ सेमी. बाहेरची खोली २३.४.

आता हेच बाहेरच्या मापांनी गुणून पाहा: ७० × ३६ × २३.४ = सुमारे ५९ लिटर. आत आहेत ४२.६. सोळा लिटरचा फरक फक्त लाकडाच्या जाडीचा. मी बनवलेला पहिला बॉक्स याच चुकीने वाया गेला. कागदावर घनफळ बरोबर होतं, पण ते बाहेरचं होतं. अख्खा पॅनल सेट पुन्हा कापावा लागला.

सीटच्या पाठीला चिकटणारा तिरका बॉक्स हवा असेल तर वरची आणि खालची आतली खोली बेरीज करून अर्धी करा. वर १५.८ आणि खाली २३.८ असेल तर सरासरी तीच १९.८, घनफळही तेच. फक्त वरचा आणि खालचा पॅनल साधारण १४ अंशांत तिरका कापावा लागतो. ते कागदावर बाजूने पूर्ण आकाराचं चित्र काढून ठरवा, मिस्त्रीला तोंडी सांगून नाही.

तपासणी: त्या चित्रावर वूफरची बाजूची आकृतीही काढा. चुंबकाच्या वरच्या कडेपासून मागच्या पॅनलपर्यंत किमान अडीच सेमी मोकळे हवेत. चुंबकाच्या मध्ये हवेचं भोक असेल तर ते झाकलं गेल्यास कॉइल तापते, आणि मे महिन्यात इथे ती आधीच तापलेली असते.

टप्पा ६: पोर्ट (सील्डवाल्यांनी थेट पुढच्या टप्प्यावर जावं)

पोर्टेडसाठी निव्वळ घनफळ आणि ट्यूनिंग कंपनीने दिलेलीच घ्या. समजा ५० लिटर आणि ३४ हर्ट्झ. गोल पाइपची लांबी सेमीमध्ये अशी निघते:

लांबी = [२३५६२.५ × व्यासाचा वर्ग ÷ (ट्यूनिंगचा वर्ग × लिटर)] − (०.७३२ × व्यास)

१० सेमी व्यासाला ही ३३.४ सेमी येते. प्लंबिंगचा ११० मिमी पीव्हीसी पाइप चालतो, पण ११० हा बाहेरचा व्यास आहे. आतला स्वतः मोजा.

सोपं वाटतं, पण १० सेमीचा पाइप मोठ्या पॉवरला कमी पडतो. हवा वेगाने घुसते आणि फुसफुस आवाज येतो. वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर बरं. म्हणून ५० लिटरला सपाट खाचेचा पोर्ट करताना १४० ते १८० चौ. सेमी क्षेत्रफळ धरतात. आणि क्षेत्रफळ वाढलं की लांबी वाढते. १५० चौ. सेमी घेतले तर लांबी ६८ सेमीच्या आसपास जाते, आणि हा पोर्ट एकटाच १० लिटर खातो, त्याच्या भिंतीचं लाकूड वेगळं. हे १० लिटर एकूण घनफळात मिळवले नाहीत, तर ५० लिटरचा बॉक्स ४० चा होतो आणि ट्यूनिंग वर सरकते. पोर्टेड बॉक्स फसतात त्यातले बहुतेक इथेच.

पोर्टचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून किमान पोर्टच्या रुंदीइतकं दूर ठेवा.

आपल्या उन्हाचाही थोडा हिशोब आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४५ ला ३५८. जानेवारीत ३४ ला ट्यून केलेला बॉक्स मे महिन्यात साडेपस्तीसला जातो. घाबरण्यासारखं नाही, पण फिल्टर लावताना लक्षात असू द्या.

सावधान: ट्यूनिंगच्या खाली बॉक्सची हवा कोनला आवरत नाही. ३४ हर्ट्झच्या बॉक्ससाठी अॅम्पवर २८ ते ३० हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा, हवाच. अॅम्पमध्ये तो नसेल तर पोर्टेड बनवू नका.

टप्पा ७: पुठ्ठ्याचा बॉक्स

फ्रिज किंवा कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, बाहेरच्या मापांनी बॉक्स चिकटवा आणि डिक्कीत ठेवा. दार बंद होतं का? सीटची पाठ पूर्ण मागे येते का? स्टेपनीचं झाकण उघडतं का? वूफरच्या जागी त्याच्या फ्रेमएवढी चकती लावा आणि ती दाराच्या आतल्या पत्र्यापासून किती लांब आहे ते पाहा. मूठभर तरी अंतर हवं. हा नमुना दोन दिवस डिक्कीतच राहू द्या आणि भाजीच्या थैल्या घेऊन एकदा कॉटन मार्केटला जाऊन या. गैरसोय असेल तर ती आत्ताच कळते.

मापं बदलली तर टप्पा ५ वर परत जा. अंदाजाने 'दोन सेमी इकडे, दोन सेमी तिकडे' करू नका.

टप्पा ८: बोर्ड आणि कापणी

१८ मिमी एमडीएफ किंवा एचडीएचएमआर (ओल सोसणारा, जास्त घट्ट दाबलेला बोर्ड) घ्या. दुसरा थोडा महाग आणि जड, पण ओलीला टिकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात, त्यामुळे एमडीएफ घेतलात तर कडांना सीलर लावणं आलंच. प्लायवूडही चालतं, पण त्याच्या थरांत पोकळ्या असतील तर ते बासवर खरखरतं. टकटक करून, कडा बघून घ्या. पार्टिकल बोर्ड नको.

आपल्या बॉक्सची कटिंग लिस्ट अशी: पुढचे दोन पॅनल आणि मागचा एक, तिन्ही ७०० × ३६० मिमी. वरचा आणि खालचा ७०० × १९८. दोन बाजू ३२४ × १९८. पुढचे दोन कारण १२ इंची वूफरला ३६ मिमीचा बॅफल, म्हणजे वूफर बसतो तो पुढचा पॅनल, लागतो. दुसरा थर बाहेरून चिकटवायचा, म्हणजे आतलं घनफळ बदलत नाही, फक्त बाहेरची खोली २५.२ सेमी होते. पुठ्ठ्याच्या नमुन्यात ही खोली धरली होती ना, ते पाहून घ्या. अर्ध्या आठ-बाय-चारच्या शीटमध्ये हे सगळं निघतं.

लकडगंजात बोर्ड घेतलात तर कापणीही मोठ्या टेबल-करवतीवर करून घ्या. घरी जिगसॉने सरळ काप येत नाही. लिस्ट मिमीमध्ये लिहून हातात द्या आणि करवतीचं पातं स्वतः सुमारे ३ मिमी खातं हे मिस्त्रीला माहीत असलं तरी एकदा बोला. एकसारख्या मापाचे तुकडे एकाच सेटिंगवर, लागोपाठ कापायला सांगा.

तपासणी: दुकानातून निघण्याआधी जोडीचे तुकडे एकमेकांवर ठेवा. कडा बोटाला लागता कामा नयेत.

वूफरचं भोक स्वतः करा. '१२ इंच' हे नाव आहे, भोकाचं माप नाही. ते बहुधा २७.५ ते २८.५ सेमीच्या दरम्यान असतं. हातातल्या वूफरवर मोजा. एमडीएफची धूळ बारीक असते, मास्क लावा.

टप्पा ९: जोडणी

सांधा फेव्हिकॉलने होतो, स्क्रू फक्त तो सुकेपर्यंत दाबून ठेवतो. स्क्रूच्या भरवशावर कमी फेव्हिकॉल लावलेला बॉक्स सहा महिन्यांत शिट्टी मारायला लागतो.

आधी वर, खाली आणि दोन बाजू यांची चौकट. कर्ण दोन्हीकडून मोजा, सारखे आले तरच पुढे. मग मागचा पॅनल, मग आतल्या आधाराच्या पट्ट्या. ७० सेमीच्या पॅनलला मध्ये एक आधार हवाच, नाहीतर लाकूडच वाजतं. पुढचा पॅनल सर्वांत शेवटी. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घातला तर ती फाटते. आधी ३ मिमीचं छिद्र करा, मग ४० मिमीचा स्क्रू, दर १२ सेमीवर. मे महिन्यात हे काम पहाटे करा. दुपारच्या उन्हात फेव्हिकॉलवर लगेच साय धरते आणि सांधा पोकळ राहतो. बॉक्स गच्चीवर उन्हात वाळवायला ठेवू नका, पॅनल वाकतात. सावलीत पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात दोन.

आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉनची रेघ ओढा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन असेल तर तो वास पूर्ण जाईपर्यंत, किमान २४ तास, वूफर बसवू नका. ती वाफ वूफरच्या डिंकाला बरी नाही.

वूफरसाठी लाकडी स्क्रू नको, टी-नट (लाकडात मागून ठोकून बसवायचा नट) आणि बोल्ट लावा. वायरच्या टर्मिनलच्या मागेही सिलिकॉन. हे भोक सगळे विसरतात.

सील्ड बॉक्स हिशोबापेक्षा दहा टक्के लहान झालाच, तर रजईत भरतात तो पॉलिस्टर फायबर मोकळा करून आत भरा. हवा थोडी जास्त असल्यासारखा परिणाम मिळतो. कापूस नको, ओल धरतो आणि त्याचा गोळा होतो.

टप्पा १०: घरातच तपासा

कॉइलला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. मग सील्ड बॉक्सचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान, हळूच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर बॉक्स घट्ट आहे. झटकन आला तर हवा कुठूनतरी जाते. मंद आवाजात ३० हर्ट्झचा सूर लावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. धूर थरथरला की गळती तिथेच. उदबत्ती कोनपासून आणि कारपेटपासून लांब ठेवा.

टप्पा २ चं मीटर पुन्हा जोडा. सील्डमध्ये शिखर ४४ हर्ट्झच्या जवळ यायला हवं. ५० च्या पुढे गेलं तर बॉक्स लहान झाला आहे. पोर्टेडमध्ये कमी आवाजात सूर ५० वरून खाली आणा. जिथे कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून हवा जोरात येते, ती खरी ट्यूनिंग. ती कमी आली तर पोर्ट थोडा कापा. जास्त आली तर लांबी वाढवावी लागते, म्हणूनच पाइप सुरुवातीला दोन सेमी लांब ठेवायचा.

कारपेट किंवा रेक्झिन हे सगळं जुळल्यावरच.

टप्पा ११: गाडीत

दुहेरी बॅफलचा हा बॉक्स वूफरसह २२ किलोच्या आसपास जातो. जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर आदळतो, आणि तिथे बहुधा मुलं बसलेली असतात. एल-क्लॅम्प आणि बोल्टने किंवा रुंद पट्ट्याने तो गाडीच्या मूळ हुकांना बांधा. पत्र्यात भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते स्वतः पाहा.

अॅम्पवर लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, बास बूस्ट शून्य. ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेज, म्हणजे वूफरच्या प्लस-मायनसची दिशा, एकदा सरळ, एकदा उलट करून ऐका. ज्यात बास समोरून आल्यासारखा वाटतो, तो ठेवा. हे वस्तीत करू नका. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. सकाळी रिंग रोडच्या एखाद्या मोकळ्या बाजूला गाडी उभी करून जुळवणी करा.

पहिल्या आठवड्यानंतर टी-नटचे बोल्ट पुन्हा आवळा, गास्केट बसल्यामुळे ते सैल होतात. पहिला पावसाळा संपला की बॉक्स उचलून खालच्या कडा आणि स्टेपनीच्या खळग्यातली ओल बघा. कडा बोटाने दाबल्यावर मऊ लागल्या तर बॉक्स वाळवून तिथे सीलरचे दोन हात द्या आणि कोन दाबण्याची तपासणी पुन्हा करा.